गोव्याचे जुने डच नकाशे: घराणे कसे ओळखायचे, प्रत कशी तपासायची?

फोंडेकर

नमस्कार. गोव्याशी संबंध असलेले जुने छापील नकाशे जमवायला सुरुवात करायची आहे. एका विक्रेत्याकडे सध्या दोन डच नकाशे आले आहेत. पैसे देण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

पहिला तिसवाडी आणि जुन्या गोव्याच्या शहराचा, मोठा, घडीचा. शीर्षक पोर्तुगीजमध्ये आहे, 'आ इल्या ए सिदादी द गोवा मेत्रोपोलिताना' असे सुरू होणारे. मागची बाजू कोरी. डावीकडे समास जवळजवळ नाहीच. दोन घड्या फाटलेल्या आहेत, त्यांना मागून चिकटपट्टी लावली आहे. रंग ताजा वाटतो. विक्रेता म्हणतो, १५९६ चा, लिन्शोटेनच्या पुस्तकातला.

दुसरा 'इंडिया क्वे ओरिएंतालिस दिचितुर' या शीर्षकाचा, साधारण ४१ बाय ५० सेंमी. त्यावर ब्लाऊचे नाव आहे, मागे फ्रेंच मजकूर आहे आणि पुढचा हिरवा रंग मागे तपकिरी उमटला आहे. विक्रेता याचे साल १६३५ सांगतो.

साल खरे कसे मानायचे? रंग जुना की नवा? आणि घरी आणल्यावर आपल्याकडच्या पावसात हे टिकतील का?

बांदेकर_पेडणे

डच ॲटलसमधल्या नकाशांच्या मागे मजकूर असतोच. पहिला कोरा आहे, म्हणजे बहुधा नवी नक्कल. दुसऱ्याचाच विचार करा.

चोडणकार

हा नियम ब्लाऊ, होंडियस आणि यान्सोनियस या आम्स्टरडॅमच्या नकाशा-प्रकाशकांच्या ॲटलसपुरता ठीक आहे. लिन्शोटेनचा गोव्याचा नकाशा ॲटलसमधला नव्हे, प्रवासवर्णनात घडी घालून शिवलेला. अशा नकाशांची मागची बाजू कोरीच असते, तेव्हा केवळ त्यावरून तो बाद होत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले डे विट आणि फिशर या प्रकाशकांचे सुटे नकाशेही बहुतेक कोऱ्या पाठीचेच मिळतात.

यान ह्यूखेन फान लिन्शोटेन १५८३ ते १५८९ गोव्यात आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांचा चिटणीस होता. परत गेल्यावर त्याचे 'इतिनेरारियो' आम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने १५९६ मध्ये काढले. गोव्याचा नकाशा बाप्टिस्टा फान डुटेकमने तांब्याच्या पत्र्यावर कोरला. तेच पत्रे पुढच्या डच आणि फ्रेंच आवृत्त्यांसाठी १६४४ पर्यंत वापरात होते. त्यामुळे सुटी प्रत हातात आली की ती १५९६ ची की १६२३ ची, हे बहुधा सांगता येत नाही. नीट विक्रेता अशा प्रतीवर '१५९६ किंवा नंतरची' असे लिहितो. तुमचा विक्रेता १५९६ वरच अडून बसला असेल, तर ती कुठल्या पुस्तकातून सुटली याचा पुरावा मागा. पुरावा नसेल तर त्या सालाचे वेगळे पैसे देऊ नका.

छपाईच्या ठसठशीतपणावरून मात्र अंदाज येतो. तांबे मऊ असते. दर छपाईला शाई भरून पत्रा पुसतात, त्यात सर्वांत उथळ रेघा आधी झिजतात. म्हणून मोठी अक्षरे पाहू नका, पाण्यावरच्या आणि टेकड्यांच्या सावलीतल्या केसासारख्या रेघा पाहा. त्या राखाडी, तुटक झाल्या असतील तर छपाई उशिराची.

अस्सल की नक्कल, हे दुकानात उभ्या उभ्या असे तपासा.

१० पटीचे भिंग घ्या. तांब्यावरून छापलेली रेघ अखंड असते, टोकाकडे निमुळती होते, आणि उजेड बाजूने तिरपा पाडला की शाईचा उंचवटा दिसतो. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आजची ऑफसेट छपाई, तिथेच थांबा.

नकाशाच्या चौकटीबाहेर, पाऊण-एक सेंमीवर, पत्रा दाबल्याची खोलगट कड चारी बाजूंनी फिरलेली असावी. समास कापला असेल तर ती गेलेली असते, आणि तुमच्या प्रतीत डावीकडे ती दिसणार नाही. उरलेल्या तीन बाजूंना मात्र ती हवीच.

कागद उजेडासमोर धरा. हातकागदात साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात, एकमेकींना लागून बारीक आणि त्यांना काटकोनात साधारण अडीच सेंमी अंतराने एक ठळक. एकसारखा, रेघा नसलेला कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्याआधी नव्हता.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात मारा. चिंध्यांपासून केलेला जुना कागद मळकट पिवळसर राहतो. आजच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन असते, तो निळसर झळकतो. असा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केला तरी बहुधा झळकतो. फक्त मागच्या दुरुस्तीच्या पट्ट्या झळकल्या तर घाबरू नका, त्या नव्या असू शकतात.

शेवटी युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांनी चढवलेली या नकाशाची मोठी स्कॅन प्रत काढा आणि तीनच जागा ताडून पाहा: एखाद्या अक्षराची शेपटी, एका जहाजाची दोरखंडे, एका टेकडीची छाया. पत्रा तोच असेल तर या जागा रेघेला रेघ जुळतात. कागद ओला करून छापतात आणि तो वाळताना आकसतो, त्यामुळे मापात काही मिलिमीटर फरक पडला तर चालतो. आकृतीत पडता कामा नये.

एक धोका लक्षात ठेवा. फ्रँकफुर्टच्या डे ब्री बंधूंनी १५९८-९९ मध्ये लिन्शोटेनची चित्रे आणि गोव्याचा नकाशा लहान आकारात पुन्हा कोरून छापला. तोही चारशे वर्षांचा आहे, संग्रहात ठेवण्याजोगा आहे, पण तो जर्मन, आणि किमतीला बराच खाली. 'लिन्शोटेनचा गोवा' म्हणून तोच खपवला जातो. तसेच फान डेर श्लायचा अठराव्या शतकातला छोटा आराखडा: बेलँ या फ्रेंच नकाशाकाराच्या कामावरून हेगमध्ये निघालेला, फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत शीर्षक असलेला. सुरुवातीच्या खरेदीला मी श्लायच सुचवेन. तो पाच आकडी रकमेत बसतो. लिन्शोटेनची पूर्ण प्रत लाखांत जाते.

समास गेल्याने आणि घड्या फाटल्याने किंमत पडते, पण मोठ्या घडीच्या नकाशाची डावी बाजू शिवणीतच फाटते. ही त्याची नेहमीची जखम आहे. निष्कलंक प्रत समोर आली तर उलट जास्त बारकाईने पाहा.

वेंगुर्लेकर

ब्लाऊच्या नकाशाबद्दल लिहितो, कारण तिथे घराणी, म्हणजे नकाशे छापणारी कुटुंबे, समजल्याशिवाय साल कळत नाही. मुख्य गोष्ट अशी की नकाशाचे वय नावावरून ठरत नाही, पत्रा त्या वेळी कोणाच्या हातात होता यावरून ठरते. हे पत्रे मिळकतीसारखे वारसाने, लग्नाने आणि लिलावाने फिरले.

१५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडले आणि तिथले कोरणारे, छापणारे आम्स्टरडॅमकडे सरकले. ऑर्टेलियसचा १५७० चा ॲटलस अँटवर्पचा, काटेकोर बोलायचे तर डच नव्हे. नकाशाकार मर्केटर १५९४ मध्ये वारला. त्याचे पत्रे १६०४ मध्ये योडोकस होंडियसने विकत घेतले आणि १६०६ मध्ये मर्केटर-होंडियस ॲटलस काढला. १६१२ मध्ये तो वारला तेव्हा धंदा विधवा कोलेट, मुलगे धाकटा योडोकस आणि हेन्रिकस यांनी पुढे नेला. त्याच वर्षी मुलगी एलिझाबेथचे लग्न योहानेस यान्सोनियसशी झाले. हा जावईच पुढे घराण्याचा मुख्य झाला.

या घराण्याचा प्रतिस्पर्धी विलेम यान्सझोन ब्लाऊ. १६२९ मध्ये धाकटा योडोकस वारला आणि त्याचे तीस-चाळीस पत्रे ब्लाऊने उचलले. त्यांवरचे होंडियसचे नाव घासून स्वतःचे कोरले आणि १६३० मध्ये आपला पहिला ॲटलस काढला. भिंगाखाली नावाच्या जागी आधीच्या अक्षरांची पुसट सावली दिसली तर ती खोड नव्हे, पत्र्याचा इतिहास आहे. असे नकाशे मला सगळ्यांत मोलाचे वाटतात.

नवशिक्या हमखास फसतो ती जागा म्हणजे सही. १६२१ च्या सुमारापर्यंत ब्लाऊ 'गिलिएल्मुस यान्सोनियस' अशी सही करायचा. हा वर सांगितलेला यान्सोनियस नव्हे. दोघे प्रतिस्पर्धी, दोघांची दुकाने आम्स्टरडॅमच्या पाण्याकाठी शेजारी. पहिले नाव वाचल्याशिवाय घराणे ठरवू नका.

आता तुमचा नकाशा. 'इंडिया क्वे ओरिएंतालिस दिचितुर' ब्लाऊने १६३५ मध्ये आणला आणि १६३६ मध्ये हेन्रिकस होंडियसने त्याच शीर्षकाचा, जवळजवळ तसाच काढला. पुढे त्यावर यान्सोनियसचे नाव आले. म्हणजे बाजारात एकाच चेहऱ्याचे तीन नावांचे नकाशे आहेत. ब्लाऊच्या नकाशावर लॉरेन्स रियाल याला अर्पण केल्याचा मजकूर असतो, तो आधी शोधा.

मागे फ्रेंच मजकूर आहे म्हणून साल १६३५ ठरत नाही. ब्लाऊचा ॲटलस १६३५ पासून लॅटिन, डच, फ्रेंच, जर्मन अशा भाषांत निघत राहिला आणि विलेमचा मुलगा योआन ब्लाऊ याच्या 'ॲटलस मायोर'ची फ्रेंच आवृत्ती १६६३ ची. मागच्या पानाच्या तळाशी जुळणीसाठी छापलेले अक्षर किंवा आकडा असतो, त्याचा आणि मजकुराच्या पहिल्या-शेवटच्या ओळीचा फोटो घ्या. कूमन आणि त्याच्यानंतर फान डेर क्रोख्त या अभ्यासकांच्या डच ॲटलससूचीत भाषा, अक्षर आणि पानक्रमांक यांवरून आवृत्ती काढता येते. विक्रेत्याने ही नोंद दिली नसेल तर १६३५ हा आकडा नुसता अंदाज समजा.

या नकाशाची किंमत का चढलेली असते तेही सांगतो. त्यात न्यू गिनीजवळ डाउफ्केन या डच जहाजाने १६०६ मध्ये पाहिलेला ऑस्ट्रेलियाचा किनारा आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियातले संग्राहक त्यामागे असतात. गोव्यासाठी तो घेत असाल तर मोजताय ते पैसे बरेचसे ऑस्ट्रेलियाचे आहेत. गोवे त्यात एक ठिपका आणि नाव, शेजारी दाभोळ, चौल.

आणखी एक. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे अवशेष पाहिलेत त्यांना वाटते, ही माणसे १६३७ पासून गोव्याच्या उशाशी बसली होती, नाकेबंद्या करत होती, तर त्यांच्या नकाशांत आपला किनारा किती अचूक असेल. छापील ॲटलसमध्ये तसा नाही. विलेम ब्लाऊ १६३३ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकृत नकाशाकार होता, त्याच्यानंतर मुलगा योआन. पण कंपनीचे सागरी नकाशे चामड्यावर हाताने काढलेले असत, गुप्त असत आणि सफर संपली की परत घेत. डच चित्रकार फिंगबोन्सने काढलेले गोव्याचे जलरंगातले दृश्यही हस्तलिखितच, ते हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. बाजारात जे दिसते ते त्याचे पुनर्मुद्रण. पूर्वेकडचे तपशीलवार सागरी नकाशे छापून खुले झाले ते फान कोलेन घराण्याच्या 'झे-फाकेल' या सागरी ॲटलसच्या सहाव्या भागात, १७५३ मध्ये. कोकण किनारा हा ज्याचा विषय आहे त्याने ब्लाऊवर दौलत उधळण्यापेक्षा फान कोलेनची वाट पाहावी. ते घराणे १६८० च्या सुमारास सुरू झाले आणि १८८५ पर्यंत टिकले, त्यामुळे त्यांच्या पत्र्यांच्याही उशिराच्या छपाया असतात.

बाकी घराणी थोडक्यात. ब्लाऊंचा ख्रावेनस्ट्राटवरचा छापखाना २३ फेब्रुवारी १६७२ ला जळाला, पुढच्या वर्षी योआन वारला, उरलेले पत्रे लिलावात फुटले. यान्सोनियसचे पत्रे त्याचे जावई फान वासबेर्खे यांच्याकडे गेले, तिथून १६९४ मध्ये स्खेंक आणि फाल्क यांच्याकडे. फिशरांचे पत्रे तीन पिढ्या घरातच, मग शेवटच्या फिशरची विधवा एलिझाबेथ हिच्याकडे, मग स्खेंककडे. डे विटचे बरेच पत्रे मोर्तियेकडे, तिथून कोव्हेन्स-मोर्तिये. डे विटच्या नकाशावर सरकारी हक्काचे 'कुम प्रिविलेजिओ' असेल तर छपाई १६८९ नंतरची, खाली साल काहीही असो.

फोंडेकर

देव बरें करूं, दोघांनाही. ब्लाऊवर रियालचे नाव आहे, आत्ताच फोटोत पाहिले. आता रंग आणि जपणूक याबद्दल कोणी सांगेल का? चिकटपट्टी घरीच काढता येईल का? बाहेरची भिंत चिऱ्याची आहे, हॉलमध्ये तिथेच जागा मोकळी आहे.

मांडवीतीर

चिकटपट्टी घरी काढू नका. ओढली तर कागदाचा वरचा पापुद्रा शाईसकट येतो, आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम केली तर डिंक पातळ होऊन कागदात आणखी खोल जातो. हे काम कागदसंवर्धकाचे, तो विद्रावक वापरून काढतो. पिवळी, पारदर्शक झालेली पट्टी असेल तर तिचा डाग राहणार, हे धरूनच सौदा करा.

रंगाबद्दल: ब्लाऊचा हिरवा मागे तपकिरी उमटला आहे ही जुन्या रंगाची सर्वांत चांगली खूण. तो तांब्याच्या गंजापासून केलेला रंग असतो आणि शतकांत कागद जाळत जातो. पण हीच त्याची दुखरी जागा. मागून बोट फिरवून पाहा, हिरव्याच्या रेषेवर कागद कडक, ठिसूळ झाला असेल किंवा चिरा असतील तर तो नकाशा कधीही पाण्याने धुऊन घेऊ नका. ओल लागली की तांब्याचे कण आजूबाजूला सरकतात आणि जळणे पसरते. 'धुऊन स्वच्छ करून देतो' म्हणणाऱ्या फ्रेमवाल्यापासून दूर राहा. लिन्शोटेनवरचा ताजा रंग नवा असण्याची शक्यता मोठी. घडीच्या रेषेत पाहा: जुना रंग घडीवर घासून गेलेला असतो, नवा रंग फाटीच्या आत, चिरलेल्या तंतूंपर्यंत झिरपलेला दिसतो. नवा रंग म्हणजे नकली नकाशा नव्हे, पण किंमत जुन्या रंगाची देऊ नका.

आता भिंत. चिऱ्याची बाहेरची भिंत, त्यातही नैऋत्येच्या पावसाचा मारा खाणारी, ही नकाशासाठी घरातली सर्वांत वाईट जागा. चिरा पाणी ओढतो आणि आतून महिनोन्‌महिने सोडत राहतो. फ्रेमच्या पाठीमागे दमट हवा कोंडते, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरते. आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा. ऊन थेट येणार नाही अशी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून सेंटिमीटरभर जाडीचे बूच लावा म्हणजे मागे हवा फिरते.

फ्रेममध्ये नकाशा काचेला टेकता कामा नये. आम्लरहित, कापसाच्या तंतूंचा माउंट बोर्ड खिडकी कापून पुढे आणि तसाच एक मागे. काच यूव्ही रोखणारी. मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ नको, दोन्हींतून आम्ल सुटते आणि आपल्या हवेत लवकर सुटते. नकाशा बोर्डाला फक्त वरच्या कडेने, जपानी कोझो कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी लटकलेला असावा. तीन बाजू मोकळ्या. कागद पावसाळ्यात पसरतो, हिवाळ्यात आकसतो. चारी कडा चिकटवल्या की तो फुगतो आणि घडीवर फाटतो. बिजागरीचा कागद नकाशापेक्षा कमजोर हवा, म्हणजे फ्रेम पडली तर बिजागरी फाटेल, नकाशा नाही. फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, लॅमिनेशन: तिन्ही कायमची वर्ज्य.

सर्वांत महत्त्वाचे, फ्रेम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बांधून घ्या. बोर्ड आणि कागद ज्या हवेत असतात तेवढा ओलावा धरून ठेवतात. जुलैत फ्रेम केली तर जुलैची हवा आत सीलबंद होते. हिवाळ्यात तीन-चार दिवस सगळे साहित्य कोरड्या खोलीत उघडे ठेवून, मग काच, माउंट आणि पाठ यांच्या कडा टेपने एकत्र बंद केल्या तर पुढचा पाऊस बराचसा बाहेर राहतो. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवण्यापेक्षा एसीच नसलेली, वारा खेळणारी खोली बरी. रोजचा चढउतार जास्त त्रास देतो. दोनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक फ्रेमशेजारी ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी फ्रेम उतरवून पाठ पाहा. कडुलिंबाची पाने आत ठेवू नका, डाग पडतात.

वेंगुर्लेकर

कायद्याची बाजू राहिली. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात येते, ती कुठे तयार झाली याने फरक पडत नाही. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तो विक्रेत्याकडे पाहायला मागा. परदेशातून लिलावात घेतलात तर कस्टम्ससाठी बिलावर वर्णन, छपाईचे साल आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचे ९७०६ हे शीर्ष स्पष्ट लिहून घ्या. नुसते 'नकाशा' लिहिले की पार्सल अडते. आणि एकदा तो देशात आला की खाजगी व्यक्तीला तो पुन्हा बाहेर नेता येत नाही, दुरुस्तीसाठी लंडनला पाठवू असा विचार आधीच सोडा. बिल, आयातीची कागदपत्रे आणि दोन्ही बाजूंचे फोटो एकत्र जपा.

बांदेकर_पेडणे

बिजागरीसाठी कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक चालेल का? वस्तू तर तीच.

मांडवीतीर

तत्त्व तेच, पण घरच्या चिकात गव्हातले चिकट प्रथिन थोडे उरते. त्याने खळ कालांतराने पिवळी, कडक होते आणि कसर तर त्यावर तुटून पडते. संवर्धनासाठी मिळणारा शुद्ध गव्हाचा स्टार्च आणा. एक भाग स्टार्च, पाच भाग ऊर्ध्वपातित पाणी, तासभर भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटे शिजवा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी झाली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळा आणि लागेल तेवढीच पाणी घालून सैल करा. ब्रशवरून ओघळली तर पातळ झाली, नकाशावर पाण्याची कड उमटेल. मीठ, हळद, मोरचूद काही घालू नका. बिजागरी लावली की वर-खाली टिपकागद ठेवून काचेच्या तुकड्याने दाबा, पहिला टिपकागद पाच मिनिटांत बदला, मग रात्रभर तसेच. फ्रिजमध्ये खळ तीन-चार दिवस राहते. आंबूस वास आला किंवा वर पाणी सुटले की टाकून द्या.